मागच्या सीटवर तीन पोती ज्वारी ठेवा, मग चाकं बघा

वाचकाचं पत्र, थोडक्यात: वाचक 27 वर्षांचे, जुळे सोलापुरात राहतात, गारमेंटच्या कारखान्यात नोकरी करतात. दोन वर्षांपूर्वी स्वतःच्या पगारातून 2014 ची स्विफ्ट व्हीएक्सआय घेतली. दिवाळीत एका गॅरेजमध्ये चारही स्प्रिंग कापून गाडी साधारण 40 मिमी खाली घेतली. तेव्हापासून मूळच्या 14 इंची डिस्क डोळ्यांना खुपतात. मित्राने त्याच्या होंडा सिटीवरची बाजारातून घेतलेली 17 इंची अलॉय 205/45 टायरांसकट 32 हजारांत देऊ केली आहेत. चाकाच्या पाठीवर 17×7.5 आणि ईटी 35 असं कोरलंय. मित्र म्हणतो, ‘पीसीडी सेम आहे, थेट बसतील. घासलंच तर फेंडर रोल करू, नाहीतर स्पेसर टाकू.’ वडील म्हणतात, गाडी होती तशी करून आण. अक्कलकोटला जाताना मागच्या चाकातून आवाज येतो. वाचकाला तो आवाज पुढे बसून ऐकू येत नाही. ‘वडिलांना गाडीतलं कळत नाही, त्यांचं आयुष्य यंत्रमागावर गेलं. पण त्यांचं मन मोडवत नाही आणि मित्रांसमोर माघारही घेववत नाही. मोठी चाकं घातली तर गाडी जरा वर येऊन गतिरोधकाला पोट लागायचं थांबेल ना? मेमध्ये बहिणीचं लग्न आहे, त्याआधी काम उरकायचंय. काय करू?’

---

पत्रात प्रश्न चाकांचा आहे, पण मी थांबलो ते वडिलांच्या आवाजापाशी. आयुष्य यंत्रमागावर काढलेल्या माणसाला यंत्रातलं कळत नाही, हे मला पटत नाही. मागांच्या त्या गदारोळात एका मागाचा धोटा जरा चुकीचा पडला तरी विणकराचा हात आपोआप तिकडे जातो. तुमचे वडील मागच्या चाकाच्या जवळ बसतात, तुम्ही पुढे. शिवाय ते गाडीत असतात तेव्हाच गाडी भरलेली असते. तुम्ही एकटे होटगी रोडने कामावर जाता तेव्हा तो आवाज येतच नसणार. म्हणून आधी त्यांना विचारा: आवाज खर्र असा घासल्याचा येतो की धप्प असा आपटल्याचा? वळणावर येतो की खड्ड्यात? डावीकडून की उजवीकडून? या तीन उत्तरांतून गॅरेजच्या एका चकरेपेक्षा जास्त कळेल.

खर्र असेल तर टायर फेंडरच्या, म्हणजे चाकावरच्या पत्र्याच्या, कडेला किंवा आतल्या प्लॅस्टिकच्या लायनरला लागतोय. धप्प असेल तर शॉकअपचा प्रवास संपून तो बंपस्टॉपवर, म्हणजे शेवटच्या रबरी ठोकळ्यावर, आदळतोय. दुसरी शक्यता मला जास्त वाटते, आणि तिचं मूळ कापलेल्या स्प्रिंगमध्ये आहे.

स्प्रिंग कापली की गाडी खाली येते, पण शॉकअप तोच राहतो. खड्ड्यात चाक वर यायला जी जागा होती, तिच्यातले 40 मिमी गाडी उभ्या उभ्याच खाऊन बसते. त्यावर मागे तीन माणसं आणि डिकीत सामान आलं की उरलेली जागाही जाते. पुढच्या स्प्रिंगचं टोक ज्या खोबणीत बसायला हवं, त्यात कापलेलं टोक नीट बसत नाही. गाडी जॅकवर उचलली किंवा चाक खड्ड्यात पूर्ण लोंबलं की अशी स्प्रिंग सैल होऊन जागेवरून सरकू शकते. हे मी तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. अशा गाडीत आई-वडील बसतात, म्हणून स्पष्ट सांगतो: चाकांवर एक रुपया घालायच्या आधी त्या चार स्प्रिंगा काढा. मूळ मापाच्या नव्या घाला, किंवा गाडी खाली हवीच असेल तर तुमच्याच मॉडेलसाठी बनवलेला 25 ते 30 मिमीचा लोअरिंग स्प्रिंगचा सेट घ्या. त्या स्प्रिंगा कडक असतात, त्यामुळे भाराखाली कमी दबतात. मे महिन्याच्या आत दोन्हींपैकी एकच खर्च झेपणार असेल तर तो स्प्रिंगचाच.

आता मोठ्या चाकाने गाडी वर येईल का, ते बघू. हा समज बऱ्याच जणांचा असतो. रिम मोठी झाली तरी जमिनीपासून उंची ठरते ती टायरसकट पूर्ण चाकाच्या व्यासावर. तुमचा मूळ टायर 165/80 आर14, म्हणजे रुंदी 165 मिमी, रबराच्या भिंतीची उंची तिच्या 80 टक्के आणि रिम 14 इंची. 14 इंच म्हणजे 355.6 मिमी, त्यात वर-खाली मिळून 264 मिमी रबर. एकूण व्यास 619.6. मित्राचा 205/45 आर17 तसाच मोजला तर 616.3 येतो. म्हणजे तुमची गाडी वर येण्याऐवजी दीडएक मिमी खालीच जाईल. किलोमीटरचा काटा मात्र चुकणार नाही, फरक अर्ध्या टक्क्याचा आहे. गतिरोधकाला पोट लागतं त्याचं कारण वेगळं. या स्विफ्टचा कंपनीने दिलेला ग्राउंड क्लिअरन्स 170 मिमी. तुमच्याकडे आज 130 उरलाय, तोही रिकाम्या गाडीत. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गतिरोधक 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद असतो. दोन चाकांमधलं अंतर 2.43 मीटर असलेली तुमची गाडी त्यावर आख्खी चढते आणि हळू उतरते, पोट टेकत नाही. पण गल्लीत लोकांनी स्वतः घातलेले अरुंद उंचवटे असे नसतात. तिथे पुढची चाकं उतरलेली असतात, मागची चढायची असतात आणि मधलं पोट उंचवट्याला टेकतं. कुठलंही चाक यावर उपाय नाही, स्प्रिंगच आहे.

मित्राचं म्हणणं एका अर्थी खरं आहे. स्विफ्टचा आणि त्या सिटीचा पीसीडी 4×100 च आहे. चार नटांच्या मधून काढलेल्या वर्तुळाचा व्यास 100 मिमी, एवढाच त्याचा अर्थ. चाक हबवर, म्हणजे गाडीच्या ज्या भागावर ते नटांनी बसतं त्यावर, चढेल की नाही हे पीसीडी सांगतो, फेंडरखाली मावेल की नाही हे सांगत नाही. ते ठरतं रिमच्या रुंदीवर आणि ऑफसेटवर. रिमच्या बरोब्बर मध्यरेषेपासून हबला टेकणारी चकती किती मिमी बाहेरच्या बाजूला आहे, तो ऑफसेट. चाकावर ‘ईटी’ लिहून पुढे आकडा असतो. आकडा जितका लहान, तितकं चाक फेंडरच्या बाहेर येतं.

तुमच्या मूळ डिस्कचा ऑफसेट घरीच मोजता येतो. टायर उतरवलेली डिस्क उताणी ठेवा, म्हणजे आतली बाजू वर. तिच्या कडांवर आडवी सरळ पट्टी ठेवा आणि पट्टीपासून हबला टेकणाऱ्या सपाट भागापर्यंतचं अंतर मोजा. मग डिस्कची कडेपासून कडेपर्यंतची पूर्ण रुंदी मोजून तिची निम्मी त्यातून वजा करा. समजा पूर्ण रुंदी 152 मिमी आणि पट्टीपासूनचं अंतर 121 आलं, तर 121 वजा 76, म्हणजे ईटी 45. तुमचा आकडा वेगळा आला तर तो धरा, पुढचा हिशोब त्याच रीतीने होईल.

मूळ डिस्क 14×5, ईटी 45 धरू. मित्राचं चाक 17×7.5, ईटी 35. रुंदी अडीच इंच वाढली, म्हणजे दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा इंच, 31.75 मिमी. ऑफसेट 10 ने घटला, म्हणजे अख्खं चाक आणखी 10 मिमी बाहेर. रिमची बाहेरची कड जवळजवळ 42 मिमी बाहेर येते, आतली 22 मिमी आत जाते. टायरची बाजू एवढी सरकत नाही, कारण तुमचा जुना टायर अरुंद रिमवर फुगून बसलाय. तरी 30 मिमी तरी बाहेर येईलच. रिकामी गाडी उभी असताना हे झकास दिसेल. पण स्विफ्टच्या मागे टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारी आडवी तुळई, आहे. दोन्ही चाकं एकदम वर येतात तेव्हा ती आत कलत नाहीत, सरळ वर येतात, आणि 30 मिमी बाहेर आलेला टायर थेट फेंडरच्या कडेखाली जातो. मागे आई-वडील बसलेले आणि रस्त्यात एक खड्डा, एवढं पुरेसं आहे.

स्पेसर, म्हणजे हब आणि चाक यांच्यामध्ये घालायची चकती, टाकायचा सल्ला तर उलट्या दिशेचा आहे. स्पेसर चाक आणखी बाहेर ढकलतो. 15 मिमीचा स्पेसर म्हणजे ईटी 35 चा ईटी 20. आत शॉकअपला चाक लागत असेल तेव्हा त्याचा उपयोग; तुमचं दुखणं बाहेरच्या बाजूचं आहे. शिवाय स्टडवर, म्हणजे हबमधून बाहेर आलेल्या बोल्टवर, नट बसायला तेवढे आटे कमी उरतात. फेंडर रोल करणं, म्हणजे आतली वळवलेली पत्र्याची कड दाबून चपटी करणं, यात रंगाला केसाएवढ्या चिरा पडतात आणि पावसाळ्यात तिथून गंज धरतो. शर्यतीच्या गाडीला ठीक. लग्नाचे पाहुणे आणायच्या गाडीला मी ते करणार नाही.

त्या सेटबद्दल आणखी दोन गोष्टी, कारण हीच चूक मी केलेली आहे. बाजारातल्या अलॉयचं मधलं भोक बहुतेक मोठं ठेवतात, पुष्कळदा 73.1 मिमी, म्हणजे ते अनेक गाड्यांना चालावं. स्विफ्टच्या हबचा उंचवटा 54.1 मिमीचा आहे. मधल्या फटीत त्या दोन मापांची रिंग लागते. सिटीला 56.1 लागतं, म्हणजे मित्राच्या रिंगा तुम्हाला सैल होतील. माझ्या पहिल्या गाडीला एका दुकानात रिंग न घालताच चाकं बसवून दिली होती. मोहोळच्या पुढे 90 ला स्टिअरिंग थरथरायला लागायचं. तीन वेळा बॅलन्सिंगचे पैसे भरले, अलाइनमेंट केली, टायरवाल्याशी भांडलो. शेवटी एका म्हाताऱ्या मेकॅनिकने चाक उतरवून बोट घालून फट दाखवली. नटांचंही तसंच. सिटीचे नट 12×1.5 आट्यांचे, स्विफ्टचे स्टड 12×1.25 चे. ते हाताने एक-दोन आटे चढतात, मग अडतात, आणि गनने कोणी जोर लावला की स्टड गेला. नव्या चाकांना नट हाताने शेवटपर्यंत फिरला पाहिजे, मग पाना. 12 मिमीच्या स्टडवर किमान 12 मिमी आटे धरलेच पाहिजेत. तुमच्या स्टडला ते जवळपास दहा पूर्ण फेरे होतात. नटाचं तोंड निमुळतं की गोल, ते चाकातल्या खोबणीशी जुळायला हवं. चाकं बसवल्यावर 50 ते 100 किलोमीटरनंतर नट पुन्हा पुस्तिकेतल्या टॉर्कला कसून घ्या.

मग तुम्ही काय घ्यावं? तुमच्याच काळातल्या स्विफ्ट झेडएक्सआयला कंपनी 15 इंची अलॉय आणि 185/65 टायर देत होती. व्यास 621.5 मिमी, तुमच्यापेक्षा जेमतेम 2 मिमी जास्त. ऑफसेट, भोक, नट, सगळं त्याच फेंडरखाली तपासलेलं. मूळ उंचीच्या किंवा जरा खाली घेतलेल्या गाडीला हा सेट घाला, विचारच करायला नको. जुन्या गाड्यांमधून हे सेट निघत असतात. माझी पहिली पसंती हीच, आणि 14 वरून 15 वर गेल्याचा फरक गाडीच्या दिसण्यात तुम्हाला वाटतो त्याहून जास्त पडतो.

16 च हवं असेल तर 195/55 आर16, व्यास 620.9. रिम 6 इंच रुंद, ऑफसेट मूळच्या आसपास. साडेसहाच्या वर जाऊ नका. मूळ ऑफसेट 45 च निघाला तर टायरची बाजू साधारण 15 मिमी बाहेर आणि तेवढीच आत जाते. 25 मिमीच्या स्प्रिंगवर हे बहुतेक मावेल, पण मी ‘बहुतेक’ म्हणतोय तोवर पैसे देऊ नका. खाली सांगतो ती मापं घ्या. टायरवरचा लोड इंडेक्सही वाचा. तुमचा मूळचा 85, म्हणजे एका टायरला 515 किलो. 195/55 आर16 चा 87, म्हणजे 545, ठीक आहे. 205/45 आर17 साध्या टायरमध्ये 84 चा येतो, 500 किलो, म्हणजे मूळच्यापेक्षा कमी. मित्राच्या टायरवर काय आहे ते बघा, आणि बाजूला चार आकडे कोरलेले असतात तेही: पहिले दोन टायर बनल्याचा आठवडा, शेवटचे दोन वर्ष.

रबराच्या भिंतीचा विचार मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. जमीन आणि रिम यांच्यामध्ये आज तुमच्याकडे 132 मिमीची भिंत आहे. 185/65 ची 120, 195/55 ची 107, 205/45 ची 92. पावसाळ्यानंतरचे आपल्या गावातले रस्ते, पाइपलाइनसाठी खणून अर्धवट बुजवलेले चर, यांच्याशी रोज गाठ आहे. 92 वर एक धारदार खड्डा म्हणजे रिमची कड वाकली किंवा टायरच्या बाजूला फोड आला. वापरलेली अलॉय घेताना चारही बॅलन्सिंग मशीनवर फिरवून बघा, आणि आतल्या बाजूला कुठे वेल्डिंग केलेलं दिसलं तर ते चाक कितीही स्वस्त असो, सोडा. बाहेरून पॉलिश कुणीही करतं.

आता ज्वारी. घरी किंवा गावाकडून 50 किलोची तीन पोती मिळतील. मागच्या सीटवर जुनी चादर टाका, पोती ठेवून सीटबेल्टने आवळा. त्याआधी रिकाम्या गाडीत चारही चाकांना हबच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंतचं अंतर मोजून लिहून ठेवा. पोती ठेवल्यावर पुन्हा मोजा. मागे जो फरक आला तेवढी गाडी घरच्यांना घेऊन जाताना बसते. मग फेंडरच्या आतल्या कडेला आणि लायनरला खडू फासा. मोकळ्या जागेत, ताशी 10 च्या वेगाने, स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे, एक गतिरोधक तिरका. थांबून टायर बघा, खडू कुठे लागला ते दिसेल. ज्या टायरला खडू लागला, त्याच्यापुढे एक मिलिमीटरही रुंदी परवडणार नाही. पुढे आतल्या बाजूला शॉकअप आणि टायर यांच्यात नव्या चाकांसकट किमान 5 मिमी फट उरली पाहिजे. नव्या स्प्रिंगा बसल्यावर हे सगळं पुन्हा करायचं, कारण आजची मापं कापलेल्या स्प्रिंगची आहेत. उंची बदलली की पुढच्या चाकांचा ‘टो’, म्हणजे ती समोर किती आत-बाहेर वळलेली आहेत तो कोन, तोही बदलतो, म्हणून अलाइनमेंट त्याच दिवशी, नाहीतर नवे टायर आतून खाल्ले जातील.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी 2019 चा निकाल, दोन्हींचा रोख कंपनीच्या मूळ रचनेपासून गाडी दूर नेऊ नये असा आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 182-अ खाली परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलाला 5 हजार रुपये दंड किंवा 6 महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. कापलेल्या स्प्रिंगा आणि फेंडरबाहेर आलेली चाकं यांची बाजू कुठेच घेता येणार नाही. झेडएक्सआयचं चाक घेतलं तर बोलायला कंपनीचं माप आहे. कोणतीही अलॉय बसवा, विमा कंपनीला कळवून पॉलिसीत नोंद करून घ्या.

राहिला मित्र. त्याला वडिलांचं कारण सांगू नका, कारण ते त्याला खोटं वाटेल आणि वडील उगाच मध्ये येतील. 42 मिमीचा हिशोब कागदावर मांडून दाखवा. तो गाड्यांचा शौकीन आहे, त्याला आकडे कळतील. खडूच्या चाचणीला त्यालाच बोलवा, स्टिअरिंग फिरवायला एक माणूस लागतोच. गाडी थोडी खाली बसलेली तुम्हाला आवडते यात चूक काहीच नाही. स्वतःच्या पगाराची पहिली गाडी आहे, ती बघून मन भरावं असं वाटणारच. तिला 25 मिमी खाली, 16 इंची चाकांवर, मागे तीन माणसांसकट आवाज न करता जाता आलं तर सात रस्त्यावर तिच्याकडे बघणारे बघतीलच.

वडिलांना मात्र नव्या स्प्रिंगा बसल्या की चाकं घेण्याआधी अक्कलकोटला घेऊन जा. त्यांना नेहमीच्याच जागी बसवा, आणि येताना विचारा.

एक शेवटचं, कारण हे लोक लग्नाच्या धावपळीत विसरतात. तुमची जुनी 14 इंची डिस्क स्टेपनी म्हणून चालेल. व्यास 15 किंवा 16 इंची सेटशी 2 मिमीच्या आत जुळतो. पण नव्या अलॉयचे नट वेगळे निघाले तर ते त्या डिस्कवर नीट बसतीलच असं नाही. मूळचे चार नट कापडी पिशवीत घालून स्टेपनीच्या खोबणीत ठेवा. नव्या नटांना लांब नळीचा पाना लागत असेल तर तोही तिथेच ठेवा.